पिकवणारा : प्रभाकर तांबे

प्रभाकर गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, स्नेहाने केला. सकाळचे साडेसात झाले असतील, मी लालबागच्या आमच्या खोलीत दूध तापवत उभा होतो. "अनंतकाका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. दूध उतू गेलं. मी कपडे बदलून वरळीला जायला टॅक्सीत बसलो, तोवर आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला होता. 'आपल्या गावातील रताळी शेतीचे जनक, प्रगतशील शेतकरी श्री. प्रभाकर तांबे यांचे दुःखद निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग. तो मेसेज मी तीन-चारदा वाचला. दुःख व्हायला हवं होतं, पण मला आला तो संताप. 'जनक' हा शब्द या लोकांना तो जिवंत असताना सुचला नव्हता. चार वर्षांपूर्वी याच मंडळाने परळच्या एका हॉलमध्ये याच कामासाठी शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं होतं, ते दुसऱ्याच माणसाला. आणि ते मानपत्र मी लिहिलं होतं, कारण मी मंडळाचा सेक्रेटरी होतो. तेव्हा रागावण्याचा मला किती अधिकार आहे ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. पण राग आहे, आणि तो गिळून प्रभाकरबद्दल चार गोड वाक्यं लिहिणं माझ्याच्याने होणार नाही.

आम्ही दोघं एकाच गावचे, मालवणी मुलखातले. आमची वाडी वर देवळाजवळ, त्यांची बौद्धवाडी खाली नदीच्या वळणावर. चालत गेलं तर दहा मिनिटांचं अंतर, पण गावात आम्ही एकमेकांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. ओळख झाली ती परळच्या म्युनिसिपल शाळेत, पाचवीला. बाईंनी गाव विचारलं, मी सांगितलं, आणि मागच्या बाकावरून एक काटकुळा मुलगा म्हणाला, "बाई, माझं पण तेच गाव." तेव्हापासून तो माझ्यासाठी पभ्या आणि मी त्याच्यासाठी अन्या. आमचे वडील एकाच गिरणीत होते हेही नंतर कळलं. माझे वडील साचाखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे, आणि त्याचे वडील सूतखात्यात. नववीत असताना एकदा त्याने मला विचारलं, "तुझे बाबा साच्यावर आणि माझे सुतात, असं का, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "साच्यावर धागा तुटला की आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून तो ओढून घ्यायला लागायचा. आमच्या तोंडाचा धागा पुढच्या पाळीवाल्याला चालायचा नाही. माझे बाबा उमेदवारीला गेले तेव्हा त्यांना हेच सांगून परत पाठवलं." हे त्याने भूगोलाचा धडा सांगावा तसं सांगितलं आणि आम्ही वडापाव खायला गेलो. त्या विषयावर तो पुन्हा बोलला नाही. मीही विचारलं नाही, आणि न विचारण्याची ही सवय मला पुढे फार उपयोगी पडली, असं आज लाज वाटून म्हणावं लागतं.

मी विमा कंपनीत चिकटलो, तो गोदीत क्रेनवर. रे रोडहून चालत गोदीत जायचा, शिडी चढून वरच्या केबिनमध्ये बसायचा आणि दिवसभर वाकून खालचं बघायचा. रिटायर झाल्यावर म्हणाला, "इतकी वर्षं जमीन वरून बघितली रे, आता जरा खाली उतरतो." गावात नदीकाठी त्यांचा एक लांबट पट्टा होता. पुराची वाळू येऊन बसलेली, म्हणून भाताला हलकी, आणि वडिलांनंतर पडूनच होती. त्याने चौकशी केली, पुस्तकं वाचली, कोल्हापूरकडे जाऊन दोन शेतकऱ्यांच्या बांधावर आठवडाभर राहिला आणि परत येऊन जाहीर केलं की आपण रताळी लावणार. परसात चार वेल लावतात तशी नाहीत, बाजारासाठी. गावातल्या एका म्हाताऱ्याने त्याला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "रताळी लावन कोण मोठो झालो रे?" प्रभाकरने उत्तर दिलं, "मोठो मी झालंय आधीच, आता रताळी मोठी करूची आसत." हा किस्सा तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

पहिलं वर्ष वाया गेलं. वेल असे माजले की जमीन दिसेना, आणि काढणीला खाली निघाली बोटभर मुळं. जी काही पोसली होती ती सोंड्या नावाच्या भुंग्याने पोखरलेली. त्यातलं एक रताळं तो पिशवीत घालून लालबागला माझ्याकडे घेऊन आला, सुरीने उभं कापलं आणि म्हणाला, "चाख." कडू जहर. मी थुंकलो, आणि तो शांतपणे समजावून सांगायला लागला. मातीला भेगा पडल्या की भुंगा त्यातून खाली उतरतो, म्हणून वरंब्याला वेळेवर मातीची भर लावायची. वेल पसरले की जागोजागी मुळं धरतात आणि सगळं बळ पाल्याला जातं, म्हणून ते उचलून परतायचे. हे सगळं त्याला एका हंगामात कळलं होतं, ते त्या कडू रताळ्यावरून. दुसऱ्या वर्षी रानडुकरांचा त्रास झाला. तेव्हा त्याने वरळीच्या बीडीडी चाळीत दारोदार फिरून बायकांकडे जुन्या साड्या मागितल्या आणि त्यांचं कुंपण केलं. मी पाहायला गेलो तेव्हा नदीकाठी लाल, पोपटी, जरीच्या काठाच्या अशा पन्नासेक साड्या वाऱ्यावर फडफडत होत्या, आणि हा मध्ये उभा राहून कुठली साडी कोणाची ते मला सांगत होता. त्याची बायको, सुशीलावहिनी, वाकून वेल परतत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, ही मोरपिशी माझ्या लग्नात आहेरात आलेली. डुकरांसाठी दिली, पण यांना कधी नेसून दाखवायचं राहिलंच." आम्ही तिघंही पोट धरून हसलो. त्या दिवशी वहिनींनी चुलीत भाजलेली रताळी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. प्रभाकर म्हणाला, "तुमच्या उपवासाचं आणि आमच्या चवीचं, दोन्ही एका ताटात." उपवासाचं रताळं मी सुक्या म्हावऱ्याबरोबर पहिल्यांदाच खाल्लं, आणि त्याच्याइतकं चांगलं काही मी त्यानंतर खाल्लेलं नाही.

तिसऱ्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधी त्याचा टेम्पो भरून माल दादरला गेला. आता वरच्या वाडीतल्या लोकांचे डोळे उघडले. भात काढून रिकाम्या पडणाऱ्या जमिनी सगळ्यांकडेच होत्या. एकेक जण खाली नदीकाठी उतरला आणि लागवडीसाठी वेलाचं बेणं मागून गेला. प्रभाकरने सगळ्यांना दिलं. नुसतं दिलं नाही, प्रत्येकाच्या शेतावर जाऊन वेलाचे तुकडे किती लांबीचे करायचे, कुठले डोळे मातीत पुरायचे ते हात लावून दाखवलं. रताळं तयार झालं की नाही ते ओळखायचं कसं, हेही त्यानेच शिकवलं. एक काढून कापायचं, फोडीवरचा चीक पांढराच वाळला तर काढणी करायची, हिरवट-काळा पडला तर अजून आठवडा थांबायचं. काढल्यावर पाच दिवस सावलीत ठेवायची, त्याशिवाय बाजारात न्यायची नाहीत. तेव्हा कोणाला त्याच्या हाताची अडचण झाली नाही.

अडचण झाली ती शेतकऱ्यांचा गट झाल्यावर. गट केला माझ्या सख्ख्या चुलतभावाने, विजयदादाने. त्याचं गावात दुकान आहे, बोलणं गोड आहे, चार लोकांत वजन आहे. दादरला उपवासाचे पदार्थ विकणाऱ्या एका व्यापाऱ्याशी त्याने बोलणं केलं, पोत्यांवर ग्रामदेवतेचं नाव छापायचं ठरवलं, आणि मग एके दिवशी मला फोन केला. "अन्या, तुझ्या त्या मित्राला जरा समजाव. त्याचा माल गट घेईल, नाही म्हणत नाही आपण. फक्त नोंद दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर करू. उपवासाचं गिऱ्हाईक असतं, देवीचं नाव आहे पोत्यावर... लोक विचारतात." मी त्याला विचारायला हवं होतं, कुठले लोक? कोणी विचारलं? कधी? मी विचारलं नाही. मी "बघतो" म्हटलं आणि खरोखरच वरळीला प्रभाकरच्या चाळीत गेलो, गॅलरीत त्याच्याशेजारी उभा राहिलो आणि विजयदादाचा निरोप जमेल तेवढा मऊ करून त्याच्या कानावर घातला. तो खाली मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे रताळ्याला माझा हात चालतो, नाव चालत नाही."

मी म्हटलं, "पभ्या, त्यात काय एवढं? माल तर जातोय ना."

"तू निरोप आणलास की तुझं मत सांगतोयस?"

मी खालच्या मैदानाकडे बघायला लागलो. तो म्हणाला, "निरोप असेल तर त्यांना सांग, माझं पीक माझ्या नावावरच जाईल. मत असेल तर चहा पिऊन घरी जा." मी चहा प्यायलो आणि घरी गेलो.

बऱ्याच दिवसांनी, सगळं होऊन गेल्यावर, मी दादरच्या त्या व्यापाऱ्याला जाऊन भेटलो. तुम्ही कधी विचारलं होतं का, की हा माल कोणी पिकवला? तो माणूस गोंधळला. म्हणाला, "साहेब, मी दोनच गोष्टी बघतो. साइज काय आणि आत सोंड्या आहे का. पिकवणाऱ्याच्या जातीचं मी काय करू?" म्हणजे कोणीही काहीही विचारलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाने नाही, व्यापाऱ्याने नाही, आणि देवीने तर नाहीच. आपल्या मनातली घाण लोकांच्या नावावर खपवायची, ही आपल्याकडची फार जुनी युक्ती आहे, आणि ती चालते, कारण माझ्यासारखे सभ्य लोक निरोप पोचवायला तयार असतात.

त्याच वर्षी मंडळाच्या वार्षिक सभेत 'गावात रताळी शेतीची मुहूर्तमेढ रोवल्याबद्दल' विजयदादाचा सत्कार ठरला. मी कमिटीत एकदाच, हळू आवाजात म्हटलं, "तांब्यांनी सुरू केलं होतं ना?" अध्यक्ष म्हणाले, "त्यांचं मंडळ वेगळं आहे, ते करतील त्यांचा सत्कार." झालं. मी घरी येऊन मानपत्र लिहिलं. वळणदार अक्षरात, 'काळ्या आईच्या कुशीतून सोनं पिकवणारे' वगैरे. परळच्या हॉलमध्ये मी ते माइकवर वाचत असताना शेवटच्या रांगेत प्रभाकर आणि सुशीलावहिनी बसलेले मला दिसले. त्यांना आमंत्रण नव्हतं. वाचून संपलं, टाळ्या झाल्या, आणि प्रभाकर उभा राहिला. आवाज जराही न चढवता त्याने व्यासपीठाकडे बघून विचारलं, "विजयराव, अभिनंदन. एकच शंका आहे. कापलेल्या रताळ्याचा चीक हिरवट पडला, तर काय समजायचं?"

विजयदादा हसला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या शेतात सगळं गडी करतात. तो म्हणाला, "औषध मारायला पाहिजे, असं समजायचं." हॉलमध्ये वरच्या वाडीचे निदान दहा-बारा शेतकरी बसले होते, ज्यांना प्रभाकरने स्वतः शिकवलं होतं. त्या सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. एकानेही मान वर केली नाही. अध्यक्ष म्हणाले, "चला, जेवण थंड होतंय." लोक उठले. गर्दीतून वाट काढत प्रभाकर माझ्यापाशी आला, माझ्या हातातलं मानपत्र त्याने नीट वाचलं आणि परत दिलं. "अक्षर छान आहे तुझं," तो म्हणाला. "शाळेत पण छानच होतं." आणि दोघं निघून गेले.

त्यानंतर आमचं बोलणं बंदच झालं. पुढच्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी दादरला फुलं आणायला गेलो होतो, तर मंडईच्या बाहेर, फुटपाथच्या कडेला तो पोती मांडून बसलेला. पुठ्ठ्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'रताळी. पिकवणारा : प्रभाकर तांबे, बौद्धवाडी.' खाली गावाचं नाव. मी समोरच्या फुलवाल्याच्या आडोशाला उभा राहून पाहत होतो. एका बाईंनी निवडून निवडून रताळी टोपलीत घेतली, मग त्यांची नजर पाटीवर गेली आणि त्यांनी टोपली तशीच खाली ठेवली. प्रभाकरने ती रताळी उचलली, धूळ पुसली आणि पुन्हा रचली. पण बाकीचे घेत होते. पाटी वाचून घेत होते, न वाचता घेत होते, "गोड आहेत का?" विचारत होते. तो म्हणत होता, "पाच दिवस सावलीत ठेवलीत. गोड नसली तर परत आणा, मी उद्या पण इथेच आहे." दुपारपर्यंत पोती रिकामी झाली. मला रस्ता ओलांडायचं धाडस झालं नाही... त्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी मात्र मी सरळ जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, एक पोतं बाजूला सरकवलं आणि विचारलं, "तोलायला येतं का?" मी म्हटलं, "शिकेन." माफी मी मागितली नाही आणि त्याने ती मागायला लावली नाही, हे त्याचं मोठेपण. मी दिवसभर रताळी तोलली. संध्याकाळी तो म्हणाला, "अन्या, तू तोलताना गिऱ्हाइकाकडे झुकतं माप देतोस. चांगलं आहे. आधी कुठे होतास?"

या कार्तिकात भात निघाल्यावर त्याने नेहमीसारखी लागवड केली, दोनदा वेल परतले आणि चार दिवसांसाठी मुंबईला आला. काढणीला महिनाभर होता. पहाटे छातीत दुखायला लागलं, आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं.

मंडळाने लालबागच्या एका सभागृहात शोकसभा घेतली. विजयदादा गावाहून खास आला होता. 'आमचा प्रभाकर', 'गावाचं भूषण', 'कधी भेदभाव मानला नाही', असं एकेक जण बोलत होता. भेदभाव कोणी मानला नाही? त्याने? त्याला तो मानायची सोयच कुठे होती? माझी पाळी आली तेव्हा मी इतिवृत्ताची वही उघडली आणि म्हटलं, "चार वर्षांपूर्वीच्या सभेच्या नोंदीत एक खोटं वाक्य आहे. ते मीच लिहिलं होतं, आज दुरुस्त करतो." अध्यक्ष म्हणाले, "अनंतराव, आज नको. आजचा दिवस कसला आहे?" मी म्हटलं, "त्याचाच आहे." मी दुरुस्ती लिहिली, वाचून दाखवली, खाली सही केली, आणि वही त्यांच्यापुढे ठेवून सेक्रेटरीपद सोडलं. चार खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला. फार मोठं काही केलं असं मला वाटत नाही. माणूस गेल्यावर खरं लिहायला काय लागतं?

काढणीला मी सुशीलावहिनी आणि स्नेहाबरोबर गावी गेलो. पहिलं रताळं वहिनींनी उपटून कापलं आणि त्या फोड उन्हात धरून उभ्या राहिल्या. चीक पांढरा वाळला. मग आम्ही खणायला लागलो. दुसऱ्या दिवशी विजयदादा बांधावर आला. चप्पल काढून उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनी, माल गटाला द्या. आता कोणाची हरकत नाही. पोत्यांवर त्यांचं नाव छापू. स्वर्गीय प्रभाकर तांबे यांच्या स्मरणार्थ."

वहिनींनी हातातली माती झटकली. "मेल्यावर चालतं होय नाव?" त्यांनी विचारलं. विजयदादा चपलेत पाय घालायला लागला. "दादा, ऊन वाढतंय," त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी जा." आणि खाली बसून पुन्हा खणायला लागल्या.

खालच्या वाडीतलं त्याचं घर दोनच खोल्यांचं आहे. पुढच्या खोलीत त्याने खिडकी मुद्दाम उत्तरेला काढून घेतली होती, म्हणजे ऊन आत येत नाही. जमिनीवर गोणपाट पसरून आम्ही रताळी मांडली, एकाला एक न लागता, तो मांडायचा तशी. एका मोठ्या व्यापाऱ्याचा फोन आला, आजच पाठवा म्हणून. स्नेहाने "पाच दिवसांनी" एवढंच सांगून ठेवला. त्या पाच दिवसांत आम्ही तिघं त्या खोलीत हळू आवाजात बोलत होतो, पाय जपून टाकत होतो. मातीचा आणि गोडसर असा एक वास खोलीत भरत चालला होता, रोज थोडा जास्त. आतून कोणीतरी "अन्या, पाय बघून टाक" म्हणेल असं मला सारखं वाटत राहिलं...

निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी कोरा पुठ्ठा आणि रंगाची डबी माझ्यापुढे ठेवली. जुनी पाटी भिजून गेली होती. मी ब्रश घेतला आणि अडलो. नावाच्या आधी 'कै.' लिहायचं की नाही, मी विचारलं.

"काही नको," वहिनी म्हणाल्या. "लागवड त्यांनीच केलीय. हे पीक त्यांचं. नेहमी असायचं तसंच लिहा."

मी लिहिलं. त्या वाकून बघत होत्या. रंग वाळायला पाटी भिंतीला टेकवून ठेवली, तेव्हा म्हणाल्या, "बेणं मी काढून ठेवलंय, भावजी. पुढच्या वर्षी माझं नाव लिहायचं. सुशीला तांबे, बौद्धवाडी. अक्षर असंच मोठं काढा."